लोणार, सिंदखेडराजा, शेगाव : बुलढाणेकरांना पर्यटनस्थळांत कोणते बदल हवेत आणि ते कुठे अडतात?

बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांत पाहण्याजोग्या ठिकाणांची टंचाई नाही. दक्षिणेला लोणारचे सरोवर आणि सिंदखेडराजा, उत्तरेला शेगाव, मधल्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य, सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा. तरीही बाहेरगावच्या माणसासाठी हा जिल्हा बहुधा एका दिवसाचा असतो. शेगावला दर्शन घेऊन परतीची गाडी पकडायची, नाहीतर वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत एक दुपार लोणारला द्यायची. पाहुणा येतो पण मुक्कामाला थांबत नाही, ही जिल्ह्यातल्या पर्यटनाची सर्वांत जुनी तक्रार आहे. गावातले लॉज, खानावळी, रिक्षा, काळी-पिवळी, वाटाडे यांचे पोट त्या मुक्कामावर अवलंबून असते.

स्थानिकांच्या मागण्या ऐकल्या तर त्यात भव्य असे फारसे काही सापडत नाही. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावली, वाट दाखवणारे फलक, माहिती सांगणारा माणूस, संध्याकाळची शेवटची एसटी. मग या गोष्टी इतकी वर्षे का होत नाहीत? पैसा हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, एकाच ठिकाणाचे मालक चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा असतो. शिवाय काही मागण्या अशा आहेत, की त्या पूर्ण झाल्या तर ज्यासाठी पाहुणा येतो तेच बिघडेल. लोणारला हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून सुरुवात तिथून.

लोणारचे सरोवर इतके वेगळे का?

दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर आकाशातून आलेला पाषाण आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा तयार झाला. काठावरून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर आहे. हा खळगा ज्वालामुखीचा की उल्कापाताचा, यावर दीर्घकाळ वाद होता. १९७० च्या दशकात तळाशी विंधन करून काढलेल्या खडकांत प्रचंड धक्क्याच्या खुणा सापडल्या आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. त्याचे वय बरीच वर्षे ५० हजार वर्षांच्या आसपास सांगितले जात असे. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. गावातल्या काही फलकांवर आणि पुस्तिकांत अजून जुना आकडाच आढळतो. फलक बदलायला काही कोटी लागत नाहीत, पण तेवढेही होत नाही.

युरोपीय अभ्यासकांत या विवराची पहिली नोंद १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केली. अर्थात गावाला ते आधीपासून ठाऊक होतेच. लवणासुराला विष्णूने मारले आणि त्याच्या वधाच्या जागी हे खारे पाणी झाले, ही कथा लोणारात पिढ्यान् पिढ्या सांगतात. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेतून आले. सरोवराच्या काठाने कमळजा देवी, रामगया, वाघ महादेव, मोर महादेव अशी बरीच जुनी मंदिरे आहेत. वर गोमुखाची धार बारमाही वाहते. गावाजवळ अंबर तळे नावाचा आणखी एक लहान खळगा आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तो रामसर पाणथळांच्या यादीत गेला. नांदूर-मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे रामसर स्थळ. त्या नोंदीत १६० जातींचे पक्षी, ४६ जातींचे सरपटणारे प्राणी आणि १२ जातींचे सस्तन प्राणी नमूद आहेत. म्हणजे एवढ्याशा खळग्यात देवस्थान, जंगल, प्रयोगशाळा आणि प्राचीन वास्तू असे सगळे एकत्र आहे, आणि प्रत्येकाचे खाते निराळे.

पाणी गुलाबी झाले तेव्हा काय कळले?

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी अचानक गुलाबी दिसू लागले. टाळेबंदीचे दिवस होते, फोटो सगळीकडे फिरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग हॅलोआर्किया या खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षार वाढले आणि हे जीव फोफावले. पावसाचे पाणी मिसळल्यावर रंग ओसरला.

या घटनेने लोणारकरांची एक जुनी मागणी ठळक झाली. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे, त्याचा सामू १० च्या आसपास असतो. त्यात मासे सहसा जगत नाहीत, पण हिरवे शेवाळ आणि विशिष्ट सूक्ष्मजीव भरपूर वाढतात. हे पाणी बाहेर जायला वाट नाही. वरून जे येईल ते तिथेच साचते. त्यामुळे झऱ्यांचे गोडे पाणी किती उतरते, शेतातली खते किती वाहून येतात आणि गावाचे सांडपाणी कुठे जाते, या तीन गोष्टींवर सरोवराचा स्वभाव ठरतो. सांडपाणी सरोवराकडे जाऊ नये, त्यावर प्रक्रिया व्हावी हा विषय न्यायालयातही वारंवार निघाला आहे. पर्यटनाच्या आराखड्यात गटार हा शब्द शोभत नाही, पण लोणारच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पर्यटन-काम तेच आहे.

धारेवरची गोष्ट अधिक नाजूक. तिथे स्नान करणे हे भाविकांसाठी पुण्याचे काम आहे, आणि त्याच पाण्याबरोबर साबण, तेल, कपड्यांचा मळ खाली उतरतो. स्नान बंद करा म्हटले तर गाव दुखावते. चालू ठेवा म्हटले तर सरोवर. मधला मार्ग स्थानिकांनाच सुचतो. पूजेचे स्नान राहू द्यावे, साबण आणि कपडे धुणे थांबवावे, आणि त्यासाठी वेगळी न्हाणीघरे वर गावाच्या बाजूला बांधावीत. नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेला खाली उतरणाऱ्या गर्दीबाबतही असेच. नारळ, प्लास्टिक, प्रसादाचे द्रोण वर आणायची जबाबदारी कोणाची, एवढे ठरले तरी पुष्कळ.

काठावरच्या वेड्या बाभळीचा प्रश्न वन खात्याने हाती घेतला आहे. ही परदेशी काटेरी झुडपे काठ व्यापतात, मूळची झाडे मागे पडतात आणि पाण्यापर्यंतची वाटही बंद होते. ती काढण्याचे काम सुरू होऊन बरीच वर्षे झाली. पण वेडी बाभूळ एकदा तोडून संपत नाही. मुळासकट उपटली नाही तर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा तयार. त्यामुळे दरवर्षी नियमित काम हवे, तेही स्थानिक मजुरांना धरून, असा गावकऱ्यांचा आग्रह असतो.

काठावर हॉटेले का होऊ शकत नाहीत?

मुक्काम वाढवायचा तर राहायची सोय हवी, हे उघड आहे. काठाजवळ पर्यटन महामंडळाचे विश्रामस्थान आहे, गावात काही लॉज आहेत. आणखी हॉटेले, काठाभोवती पक्का रस्ता, रोपवे, नौकाविहार अशा कल्पना अधूनमधून निघतात. नौकाविहार तर ऐकायलाही विचित्र वाटतो, कारण या पाण्याचे वेगळेपण त्यात काहीही न मिसळण्यातच आहे.

हॉटेलांची अडचण मात्र समजून घ्यायला हवी. आघाताच्या वेळी खळग्यातून उडालेला खडकांचा चुरा काठाबाहेर चादरीसारखा पसरला. ही चादर काठापासून सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत जाते. अभ्यासकांसाठी ती सरोवराइतकीच मोलाची आहे, कारण आघाताचा क्रम त्या थरांत वाचता येतो. बेसाल्टवरचे असे इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्यामुळे चंद्र आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारेही लोणारला येतात. तो थर बाहेरून पाहिला तर नुसती मुरमाड जमीन दिसते. तिथे पाया खणला, रस्त्यासाठी मुरूम उचलला, विहीर घेतली की पुरावा गेला. लोणार गावच या चादरीवर वसले आहे.

म्हणून काठाजवळची जागा सोडून निवासाची सोय मेहकर रस्त्याला, थोडी दूर करावी असे म्हणणारेही लोणारात आहेत. त्यांचे म्हणणे रास्त वाटते. पाहुण्याला सरोवराचे दृश्य खिडकीतून दिसणार नाही, पण पहाटे काठावर नेणारा वाटाड्या गावातलाच असेल.

१०० मीटरचा नियम गावकऱ्यांना का जाचतो?

दैत्यसूदन मंदिर आणि काठावरची काही मंदिरे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठीही अर्ज, नकाशे आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मंजुरी लागते.

कागदावर हा नियम योग्यच आहे. अडचण अशी की, लोणारसारख्या गावात स्मारक गावाच्या मधोमध आहे आणि त्याच्या भोवती पिढ्यान् पिढ्या घरे आहेत. भिंत पावसात कोसळली तर ती पुन्हा उभी करायला कुठल्या कचेरीत जायचे, हे सामान्य माणसाला माहीत नसते. वारसा जपण्याचा भार त्या घरावर पडतो आणि वारसा पाहायला आलेल्या पाहुण्याचा फायदा दुसऱ्याच कुणाला होतो. स्मारकाबद्दल गावात जी अढी दिसते तिचे मूळ बऱ्याचदा इथे असते. दुरुस्तीचे अर्ज तालुक्याच्या ठिकाणी भरून घेणारी एक खिडकी उघडली तर ही अढी निम्मी कमी होईल. ही मागणी पर्यटनाच्या कुठल्याही जाहिरातीत दिसणार नाही, पण लोणारच्या जुन्या वस्तीसाठी तिचे महत्त्व स्वागत कमानीपेक्षा जास्त आहे.

स्वच्छतागृहाचेही असेच. मंदिराजवळ बांधायचे तर पुरातत्त्व खाते, खाली काठाजवळ बांधायचे तर वन खाते, वर रस्त्याकडेला बांधायचे तर नगरपरिषद किंवा बांधकाम खाते. एका खात्याने जागा द्यायची, दुसऱ्याने पैसे आणि तिसऱ्याने रोज झाडायचे. बांधून कुलूपबंद पडलेली स्वच्छतागृहे महाराष्ट्रात सगळीकडे दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हे तिसरे काम कोणाचे हे न ठरणे असते. या सगळ्या खात्यांना एकत्र बसवण्यासाठी न्यायालयाच्या निर्देशाने समितीही झाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे लोणारला येऊन गेले, त्यानंतर मोठा विकास आराखडाही तयार झाला. लोणारकर आता आराखड्याच्या रकमेपेक्षा त्यातले किती काम जमिनीवर दिसते, हे विचारतात.

जर्मनीतल्या एका गावाने काय केले?

दक्षिण जर्मनीत रीस नावाचे उल्काविवर आहे. सुमारे दीड कोटी वर्षे जुने आणि २४ किलोमीटर रुंद. त्याच्या आत नॉर्डलिंगन हे तटबंदीचे गाव आहे. १९६० मध्ये तिथल्या दगडांतून आघाताचा पुरावा मिळाला. गावातले जुने चर्चही आघातात बनलेल्या खडकाचे आहे. १९७० मध्ये अमेरिकेचे अपोलो मोहिमेचे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखायला शिकण्यासाठी याच परिसरात आले होते.

गावाने १९९० मध्ये एका जुन्या कोठारात संग्रहालय उघडले. नवी टोलेजंग इमारत बांधली नाही. चंद्रावरून आणलेला एक दगड तिथे पाहायला मिळतो. स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन वाटाडे केले. खाणींच्या कडेने पायवाटा आखल्या, थांब्यांवर फलक लावले. २०२२ मध्ये या परिसराला युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाचा दर्जा मिळाला. भू-उद्यान म्हणजे अभयारण्य नव्हे. तिथे लोक राहतात, शेती करतात, आणि भूगर्भाचा वारसा सांगण्याचे काम त्यांच्याकडेच असते. भारतात असे एकही भू-उद्यान अद्याप नाही.

लोणारला जागतिक वारसा यादीत स्थान मिळावे ही मागणी जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतले व्रेडेफोर्ट हे उल्काविवर २००५ मध्ये त्या यादीत गेले, तेव्हा असे होऊ शकते हे नक्की. पण जागतिक वारसा म्हटले की निर्बंध वाढतील, ही भीती गावात असते. भू-उद्यानाची वाट त्या मानाने लोणारच्या स्वभावाला जवळची आहे. त्यासाठी आधी जे लागते ते आजही सुरू करता येईल : खडकांचे नमुने, विवराची प्रतिकृती आणि मराठीत नीट लिहिलेली माहिती असलेले एक संग्रहालय, आणि परवाना असलेले २०-२५ स्थानिक वाटाडे. आज सरोवर पाहायला आलेल्या शाळेच्या सहलीला कोणी काही सांगितले नाही, तर मुलांना एक मोठे हिरवे तळे दिसते आणि ती माकडांना शेंगदाणे टाकून परत जातात.

सिंदखेडराजात १२ जानेवारीनंतर काय?

१२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो. लखुजी जाधवांच्या राजवाड्यात त्यांचा जन्म झाला. दरवर्षी या दिवशी राज्यभरातून मोठी गर्दी सिंदखेडराजात लोटते. मंत्री येतात, भाषणे होतात, घोषणाही होतात. १३ जानेवारीला गाव पुन्हा आपल्या रोजच्या चालीला लागते. म्हणून इथली मुख्य मागणी वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी आहे.

बहुतेक पाहुणे राजवाडा पाहून, जन्मस्थानी माथा टेकून निघून जातात. पण सिंदखेडराजा ही जाधवांच्या जहागिरीची राजधानी होती आणि तिच्या खुणा गावभर आहेत. लखुजींची दगड-विटांची भव्य समाधी, रंगमहाल, नीळकंठेश्वराचे मंदिर, काळाकोट, सजना बारव, शिल्पांनी सजलेली पुतळा बारव, मोती तलाव आणि चांदणी तलाव. मोती तलावातून गावाला पाणी पुरवण्याची जुनी योजना होती. १६२९ मध्ये निजामशाहाने देवगिरीवर लखुजींना आणि त्यांच्या मुलांना दगा देऊन ठार केले. शहाजीराजांच्या आणि जिजाऊंच्या आयुष्यावर त्या घटनेची छाया पडली. हा सगळा इतिहास चालत तीन-चार तासांत पाहता येईल असा आहे. त्यासाठी वाट आखलेली नाही, एवढेच. राजवाड्यापासून समाधी, तिथून बारवा आणि तलाव, अशी खुणा केलेली पायवाट आणि प्रत्येक ठिकाणी एक चांगला फलक झाला, तर अर्ध्या तासाचा पाहुणा अर्धा दिवस थांबेल. बारवांमधला गाळ आणि झुडपे काढणे हे त्याआधीचे काम.

जून २०२४ मध्ये या गावाकडे पुन्हा लक्ष गेले. लखुजींच्या समाधीच्या परिसरात केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम सुरू असताना काही दगड दिसले. अधिक खोदल्यावर आधी एका शिवमंदिराचा पाया आणि मग जमिनीखाली सव्वादोन मीटरच्या आसपास शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. १.७० मीटर लांब, सुमारे १ मीटर उंच, पाठीवर समुद्रमंथनाचा देखावा. अशी मूर्ती सापडली की पहिला प्रश्न उठतो तो तिच्या मुक्कामाचा : सुरक्षिततेसाठी नागपूरच्या संग्रहालयात न्यायची की गावातच ठेवायची? मूर्ती सिंदखेडराजातच राहावी, त्यासाठी इथे संग्रहालय व्हावे, असे गावाला वाटणे स्वाभाविक आहे.

या भागाला असा प्रसंग नवा नाही. शेजारच्या मेहकरात १८८८ मध्ये शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती जमिनीतून निघाली. ती इंग्रज विलायतेला नेतील या धास्तीने लोकांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, अशी आठवण तिथे सांगतात. आज त्या मूर्तीमुळे मेहकरला वर्षभर भाविक येतात. सिंदखेडराजाच्या मूर्तीची तशी पूजा सुरू करावी असे कोणी म्हणेलच असे नाही. पण ज्या मातीतून ती निघाली तिथे ती पाहायला मिळणे आणि नागपूरच्या एका दालनात पाहणे, यात फरक आहे. अट एकच. गावातल्या संग्रहालयाला पहारा, योग्य जागा आणि कायमचा कर्मचारी हवा, नाहीतर सुरक्षिततेचा खात्याचा मुद्दा बरोबर ठरतो.

सिंदखेडराजा तालुक्यातच साखरखेर्डा आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजामउल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पडला. दख्खनच्या इतिहासाला वळण देणारी ही लढाई ज्या शिवारात झाली, तिथून जाणाऱ्या वाटसरूला ते कळण्याचा काही मार्ग नाही.

शेगावकर आनंद सागरची वाट का पाहतात?

शेगावची गोष्ट उलटी आहे. इथे सोयीची कमतरता नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, संस्थान स्थापन झाले. आजची स्वच्छता, रांगांची शिस्त, माफक दरातली भक्तनिवासे, महाप्रसाद आणि पाळीपाळीने सेवा देणारे हजारो सेवाधारी, यामुळे महाराष्ट्रातल्या इतर देवस्थानांना शेगावचा दाखला दिला जातो. जिल्ह्यातले लोकही लोणारच्या अस्वच्छतेबद्दल बोलताना हमखास म्हणतात, शेगावला जमते ते इथे का नाही?

त्याचे उत्तर सोपे आहे. शेगावात परिसराचा मालक एक आहे आणि झाडू मारणारा माणूस ते काम सेवा म्हणून करतो. लोणारात मालक पाच आहेत.

शेगावकरांची खंत वेगळी. संस्थानाने उभारलेले आनंद सागर हे तलाव, ध्यानकेंद्र, बागा आणि मुलांच्या आगगाडीचे विस्तीर्ण उद्यान एके काळी कुटुंबांना दिवसभर धरून ठेवायचे. पुढे ते बंद झाले. काही वर्षांनी त्याचा आध्यात्मिक भाग पुन्हा खुला झाला, पण पूर्वीचा थाट परतलेला नाही. दुकानदार आणि रिक्षावाले यांचे गणित सरळ आहे. भाविक देवळात जेवतो आणि भक्तनिवासात झोपतो, त्यात बाजारपेठेच्या वाट्याला थोडेच येते. दुसरा दिवस मिळाला तरच शहर कमावते, आणि तो दुसरा दिवस आनंद सागर देत असे. उद्यान चालवायचे की नाही, कसे चालवायचे, हा संस्थानाचा प्रश्न. पण त्या दुसऱ्या दिवसासाठी लोणार आहे, हे आजवर कोणी नीट मांडलेले नाही.

शेगाव ते लोणार जायचे कसे?

जिल्ह्याच्या पर्यटनाचे खरे दुखणे या प्रश्नात आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके त्यावर आहेत; जलंबहून एक छोटा फाटा खामगावला जातो. घाटावरचा सगळा भाग, अगदी जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणासुद्धा, रेल्वेविना आहे. लोणार आणि सिंदखेडराजा दोन्ही या रेल्वेविना भागात पडतात.

खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे. चिखली, देऊळगावराजा मार्गे सुमारे १६० किलोमीटरचा हा मार्ग झाला तर विदर्भ आणि मराठवाडा थेट जोडले जातील. सर्वेक्षणे झाली, अलीकडे राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायची तयारीही दाखवली. रूळ मात्र अजून कागदावर आहेत. दरम्यान समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही सुरू झाला. हा रस्ता मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. स्वतःची गाडी असलेल्या माणसाला त्यामुळे लोणार जवळ आले. मेहकरला उतरले की सरोवर साधारण २५ किलोमीटरवर.

पण शेगावचा भाविक बहुधा रेल्वेने येतो. त्याच्यासाठी समृद्धीचा उपयोग नाही. शेगाव, लोणार, सिंदखेडराजा अशी सकाळी निघून संध्याकाळी परतणारी दर्शन बस नेमाने चालवावी, निदान सुट्ट्यांच्या दिवसांत आणि हिवाळ्यात, ही मागणी रेल्वेमार्गापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. एसटीने राज्यात इतरत्र अशा गाड्या चालवल्या आहेत. गाडी रिकामी जाते म्हणून बंद करायची आणि गाडी नाही म्हणून पाहुणा येत नाही, हे चक्र तोडायला पहिली काही वर्षे तोटा सोसावा लागेल, आणि तो कोणी सोसायचा हे आधी ठरवावे लागेल.

ज्ञानगंगेचा वाघ आणि बोथ्याचा घाट

बुलढाणा आणि खामगाव यांच्यामधले ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. अस्वले आणि बिबटे इथले नेहमीचे रहिवासी. डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ हा गळ्यात पट्टा असलेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर फिरत इथे पोहोचला आणि ज्ञानगंगेचे नाव देशभर गेले. वाघ असेल तर पर्यटक येतील, अशी आशा तेव्हा आसपासच्या गावांना वाटली. वाघ एकटा होता, जोडीदार नव्हता, आणि वाघाच्या भरवशावर गावाचे अर्थकारण उभे राहत नाही हे लवकरच दिसले. तिथल्या गावांची मागणी अधिक व्यवहारी आहे : रानडुकरे आणि अस्वलांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी, आणि जंगलात नेणारे वाटाडे गावातलेच असावेत.

मागणी कुठे करायची?

गावातल्या एखाद्या मंदिराला किंवा यात्रास्थळाला सुविधांसाठी निधी हवा असेल तर पहिली पायरी ग्रामसभेचा ठराव. ग्रामीण तीर्थक्षेत्रांना राज्यात वर्ग दिले जातात. ‘क’ वर्गाचा दर्जा जिल्हा नियोजन समितीकडून मिळतो. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात. ‘ब’ वर्गासाठी प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. दर्जा मिळाला की भक्तनिवास, सभामंडप, पाणी, स्वच्छतागृह, पोचरस्ता यांसाठी निधी मागता येतो. शहराच्या हद्दीत असेल तर नगरपरिषदेचा ठराव लागतो.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाजवळ घराची दुरुस्ती करायची असेल तर अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि तिथे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाशी संबंध येतो. म्हणून अर्ज करण्याआधी स्मारक केंद्राचे की राज्याचे, हे पाहावे. स्मारकाजवळच्या निळ्या फलकावर ते लिहिलेले असते. अभयारण्याच्या हद्दीतले प्रत्येक काम, मग ते बाक बसवण्याचे का असेना, वन खात्याच्या परवानगीशिवाय होत नाही.

मंजूर आराखड्यातले कोणते काम कुठवर आले, किती खर्च झाला, ही माहिती माहिती अधिकाराखाली मागता येते. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. लोणारसाठी असा अर्ज करायचा तर तो एका कचेरीत भागत नाही. नगरपरिषद, वन खाते, पुरातत्त्व खाते, बांधकाम खाते आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांना वेगवेगळे अर्ज द्यावे लागतात.